आतल्या बोर्डाची तार

मुरूम, माघ शुद्ध अष्टमी, १९४६

कापसाच्या जिनिंगच्या इंजनाची वीज आमच्या दुकानात होतीच. आज घराच्या आतल्या अंगाला दुसरा बोर्ड बसला. सगळे खूश. मी मात्र जळतेय नुसती.

सोलापूरच्या मिस्त्रीनं सकाळी विचारलं, "आत दिवे किती लावणार? त्यावर तारेची जाडी ठरते. मागनं वाढवले तर तार तापंल." मामंजी म्हणाले, "बायकांना काय, चुलीपुढं एक बास."

मी दाराआड. सासऱ्यांपुढं सुनेनं बोलायचं न्हाई, म्हणून बांगड्या वाजवल्या. जाऊबाई बाळंत झाल्यात, त्यांच्या अंधाऱ्या खोलीतही दिवा हवा, एवढंच सांगायचं होतं. मामंजी म्हणाले, "च्या झाला वाटतं. आणा."

तेव्हाच बोलले असते तर? आणि आमचे हे तिथंच बसलेले. बांगड्या यांनीही ऐकल्याच की.

बारीक तार ठोकून मिस्त्री गेला.

दिवेलागणीला चुलीपुढचा दिवा बघायला सगळं घर जमलं. मी कंदील पेटवून जाऊबाईंच्या खोलीकडं निघाले. मामंजी हसले, "वीज आली तरी सूनबाईला कंदीलच लागतो!"

मी बांगड्या कोपराकडं सारल्या. वाजल्या असत्या तर पुन्हा च्या मागितला असता.