तेच पाणी पुन्हा पुन्हा

३ मार्च २०२४, रविवार
सोसायटीचा बोअर आज मेला. मोटर लावली, नुसती हवा आली. शहरात नळाला आठ दिवसांनी का होईना पाणी येतं, आमच्या भागात पाइपलाइनच नाही. चोवीस रो-हाऊसची माणसं माझ्या ओट्यावर जमली. मी अध्यक्ष, शिवाय एकतीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेला माणूस. म्हटलं, पंधरा-वीस दिवस द्या. टाळ्या अपेक्षित होत्या. शेजारच्या गीताबाई म्हणाल्या, सर, तोवर टँकरवाल्याला फोन तेवढा लावा.

संकल्प : टँकरमुक्त उन्हाळा. आमची लेक प्रेरणा पाडव्याला पहिल्या बाळंतपणासाठी येतेय. व्याह्यांना शब्द दिलाय, पाण्याची काळजी माझ्यावर सोडा.

५ मार्च, पहाटे ५.१०
सुचलं! आंघोळीचं, धुण्याभांड्याचं पाणी गटारात जातं. ते खड्ड्यात घ्यायचं. खडी, वाळू, कोळसा. सातवीतला गाळणीचाच प्रयोग, फक्त खड्डा दहा फुटी. गाळलेलं पाणी मेलेल्या बोअरमध्ये सोडायचं, मोटरने परत टाकीत घ्यायचं. तेच पाणी पुन्हा पुन्हा. टँकर एकदाच! हे जगात कुणाला कसं सुचलं नाही?

सत्यशीलेला उठवून सांगितलं. बायको म्हणून तिने निदान आश्चर्य तरी दाखवायचं. म्हणाली, आधी चहा घ्या.

१२ मार्च
खड्डा झाला. गवंडी भिकन, पिशोरचा. हात चांगला, पण शंका फार. म्हणे, सर, या चेंबरात नुसतं न्हाणीचं नाय येत, संडासच्या टाकीचं बी वरचं पाणी इथंच येतंय. दुसरी लाइन टाकावी लागंल, आठ दिवस जातील. आठ दिवस! मी त्याला कोळशाचे गुणधर्म समजावून दिले. कोळसा सगळं शोषून घेतो. त्याने फावडं उचललं. मग म्हणाला, तुमी मास्तर हायेत, तुमाला जास्त कळतंय.

प्रामाणिक माणूस. चूक कबूल केली.

२५ मार्च, धुळवड. सकाळी ११.४०
बोअरला पाणी आलं!! काकासाहेबांनी, म्हणजे आमच्या उपाध्यक्षांनी, नारळ फोडला. मी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. आकडा टँकरच्या पाण्याइतकाच. मीटरपुढे कोण बोलणार? भाषण वीस मिनिटं. टँकर बंद केला.

घरचा आरओ पण काढून टाकला. एक लिटर शुद्ध करायला तीन लिटर वाया घालवतो. दुष्काळात हे पाप आहे. सत्यशीला चहा टाकायला गेली. म्हणजे पटलं.

२ एप्रिल
मागच्या मोकळ्या प्लॉटवर बानाबाईचा तळ पडला. दर उन्हाळ्यात खुलताबादकडून मेंढरं घेऊन येते. मी मोठ्या मनाने आमच्या पाण्याने हौद भरून दिला. या लोकांची एक रीत आहे. नवं पाणी दिसलं की आधी कळपातली म्हातारी मेंढी सोडायची. ती प्यायली तर बाकीची. म्हातारी आली, नाक लावलं, शिंकली, मागे फिरली. दिवसभराची तहानलेली असून! बानाबाईने कळप वळवला. मला म्हणाली, मास्तर, मेंढरू ज्याला तोंड लावीना ते पाणी मानसानं प्यावं व्हय?

मेंढ्यांना टेक्नॉलॉजी नवीन आहे. सवय होईल.

९ एप्रिल, पाडवा
प्रेरणा आली. आठवा महिना लागलाय. तांब्याभर पाणी मी स्वतः तिच्या हातात दिलं. म्हटलं, पी बेटा, बापाच्या हातचं आहे. प्यायली. मग विचारलं, बाबा, याला वास कसला येतो? म्हटलं, कोळशाचा.

१६ एप्रिल
आठ घरांत पोटं बिघडलीत. कारण उघड आहे : लग्नसराई आणि आमरस. नोटीस लावली, बाहेरचं खाऊ नये. माझंही पोट कालपासून हलकं वाटतंय. शरीर आतून साफ होत असणार.

२२ एप्रिल, वसुंधरा दिन
पर्यावरण मित्रमंडळाने माझा सत्कार केला. शाल, रोप, 'जलयोगी' पदवी. आमच्या पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या. पाहुण्यांनी त्या हातात घेऊन फोटो काढले आणि विकतचं पाणी प्यायले. लोकांची गुलामी जात नाही. सविस्तर उत्तर देणार होतो, पण मध्येच घाईने उठावं लागलं. शाल घेऊनच गेलो.

२६ एप्रिल
विश्वासघात! पलंगाखाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेला वीस लिटरचा जार सापडला. विकतच्या पाण्याचा! सत्यशीलेला जाब विचारला. म्हणाली, पोरीसाठी आणते, दहा दिवस झाले. आधीच आणायला पाहिजे होता, चुकलं माझं. मला वाटलं, माझी माफी मागतेय.

बाहेर कळलं तर 'जलयोगी'ची शोभा. जार परत लुगड्यात गुंडाळला.

३ मे
गीताबाईंच्या घरी दोघांना कावीळ. काकासाहेबांच्या सुनेला पण. ऊन फार आहे यंदा, ४२ च्या वर. लिव्हरवर ताण येणारच. बानाबाई तळ उठवून निघाली. जाताना फाटकाशी थांबली. म्हणाली, मास्तर, ती पोटुशी लेक हाये ना तुमची, तिला घेऊन जावा इथून. लई इनवून सांगते. मी म्हटलं, पाऊस लवकर येईल यंदा. दोघंही एकमेकांचं न ऐकता उभे होतो.

मीटर तीनदा लावला. आकडा तोच. मीटर खोटं बोलत नाही.

७ मे, दुपार
प्रेरणाला सकाळपासून उलट्या. दारात उजेडाला आली तेव्हा डोळे पिवळे दिसले. मी म्हटलं, पडद्याचा रंग पडलाय. सत्यशीलेने पडदा ओढून काढला. डोळे तसेच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी प्रकल्प सांगायला लागलो. चेंबरपर्यंत आलो तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दूषित पाण्याची कावीळ आहे. इतरांना दोन-चार आठवड्यांत उतरते. पोटुशीला ती जिवावर बेतू शकते, आईच्या आणि बाळाच्याही. मी कोळशाचं सांगणार होतो. नाही सांगितलं.

१२ मे
दवाखान्यात. मला खोलीबाहेर बसवलंय. खुलताबादहून मेहुणा रामप्रसाद आलाय. घरून पाण्याचे कॅन आणतो, माझ्याकडे बघत नाही. भिकनचा फोन आला. म्हणे, सर, खड्डा बुजवू का? काकासाहेबांनी सांगितलंय. मी त्याला विचारलं, तू त्या दिवशी जोरात का नाही सांगितलंस? तो म्हणाला, दोनदा सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, सर?

मला भीती वाटतेय. हे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगता येत नाही.

२५ मे
मुलगी झाली. तीन आठवडे आधी. दोन किलोच्या आत. दोघी आहेत. आहेत.
दवाखान्यातून परस्पर खुलताबादला, मामाच्या घरी नेणार. व्याह्यांनीच ठरवलं. मला विचारलं नाही, बरोबर केलं.

५ जून, जागतिक पर्यावरण दिन
आज बारसं. एसटीने खुलताबादला गेलो. मित्रमंडळाचा मेसेज आला होता, आज भाषणाला या. उत्तर दिलं नाही.

बाळ पाळण्यात होतं, मूठभर. प्रेरणा बाज धरून उठली, बरी दिसली, म्हणाली, घ्या ना बाबा तिला. मी हात पुढे केले. सत्यशीला मध्ये आली. म्हणाली, आधी हात धुऊन या. मी म्हटलं, घरून निघताना चांगले धुतलेत.

म्हणाली, म्हणूनच.