आबांनी हात उचलला

पारोळा, १ जून १९३४

ती. दादांस भागाबाईचा सा. न. वि. वि.

खुशाली लिहावी असं काही नाही. अर्धांगवायूनं माझ्या सासऱ्यांची, आबांची, वाचा आणि उजवी बाजू गेली. आता त्यांचे पुतणे झुलालभाऊ म्हणतात, विहिरीचं शेत आबांनी आपल्याला देऊ केलं होतं. येत्या गुरुवारी बक्षीसपत्र नोंदवायला ते रजिस्ट्रारसाहेबांना घरी आणणार आहेत. स्वकमाईचं ते शेत माझ्या पोटापाण्यासाठी ठेवीन, असं आबांनी तुम्हालाच सांगितलं होतं ना? ते गेलं तर मज विधवेला या घरात कोण राहू देईल? फार भीती वाटते, दादा. तुम्ही या.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

भागाबाई

धुळे, ४ जून

चि. भागाबाईस पंडितचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी हिवतापानं अंथरुणाला खिळलोय, येणं होत नाही. पण वकिलाकडे दहा वर्षं कारकुनी केली आहे, तेव्हा नीट वाच. आबांच्या संमतीशिवाय कागद नोंदवता येत नाही. वाचा नसली तरी खुणेचं उत्तर चालतं, मात्र ती खूण साहेबांना कळली पाहिजे. आबांच्या खुणा तुझ्याइतक्या कोणाला कळतात? सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण लहानपणी बडबडीनं आईचं डोकं उठवायची ती भागा कुठे गेली? शेत गेल्यावर बोलून उपयोग नाही.

उलट टपाली कळव, जीव टांगणीला आहे. आशीर्वाद आहेतच.

तुझा दादा

पारोळा, ८ जून

ती. दादांस सा. न. वि. वि.

काल साहेब आले. मी दाराआड होते. साहेबांनी कागद वाचून आबांना विचारलं, की शेत झुलालला देता का. आबांनी डावा हात उचलला. झुलालभाऊ लगेच म्हणाले, बघा, होकार दिला. दादा, वाढताना नको असलं की आबा ताटावर असाच हात धरतात. झुलालभाऊंनी आबांचा अंगठा शाईत बुडवायला धरला आणि मी ओरडले, आबाले नको शे, साहेब!

झुलालभाऊ अंगावर धावून आले. साहेबांनी त्यांना दटावून खाली बसवलं. मग आबांना विचारलं, तुमचं नाव झुलाल का. हात उठला. मग आबांचं खरं नाव घेतलं, चुडामण का. हात खाटेवरच राहिला, मान होकारार्थी हलली. शेताचं पुन्हा विचारलं. हात उठला. साहेबांनी कागद परत केला.

ताप उतरला की मृत्युपत्राचा मसुदा घेऊन या, आबांना शुद्ध आहे तोवरच. झुलालभाऊ बघून घेतो म्हणून गेलेत. दिवसासुद्धा दाराला आतून कडी लावते.

माणसं गेल्यावर मी पदर ओढून कोपऱ्यात उभी होते. वाटलं, आबा रागावले असतील. त्यांनी कानाला हात लावून खुणावलं, पुन्हा बोल. जेवायला वाढू का, एवढंच विचारलं. अकरा वर्षांत मी आबांशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ते रडू लागले.

आजवर केलात तसाच लोभ करावा.

भागाबाई