टिकटिक किती मीटर?

३ नोव्हेंबर, सोमवार

नववीचा विज्ञान प्रकल्प जाहीर झाला. ‘स्वतः करून पाहा’, वीस मार्क. स्वतः करून पाहा म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे – आईने करायचं, बाबांनी शाळेपर्यंत उचलून आणायचं आणि आपण शेजारी उभं राहून फोटोत हसायचं. मागच्या वर्षी एकाच्या पवनचक्कीवर त्याच्या काकांच्या कारखान्याचं लेबल तसंच राहिलं होतं. पहिला नंबर!

माझी जोडी फूटपट्टीशी लागली. उंच, सरळ, आणि कुणी म्हणालं ‘पाच मिनिटांत येते’ तर घड्याळ लावून बसणारी. गेले माझे वीस मार्क सुखाने मिळवायचे दिवस.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भोंग्याचा तास. भोंगा म्हणजे आमचे विज्ञानाचे सर. ते ‘शांत बसा’ म्हणाले की बाजूचे दोन वर्गसुद्धा शांत बसतात. फळ्यावर लिहिलं – ‘जे दिसलं ते लिहा. जे दिसायला हवं होतं ते नको.’ आणि खाली दोन रेघा. मी मागच्या बाकावरून विचारलं, “सर, प्रयोग फसला तर मार्क जातात का?” सर म्हणाले, “हो, गुरुवारी.” सगळा वर्ग हसत सुटला. सरांना वाटलं, आम्ही खूश झालो. तेही हसले.

हे नेहमीचंच. एकदा कुणीतरी ‘पाणी प्यायला जाऊ?’ विचारलं, तर म्हणाले, ‘बरोबर, दोन हायड्रोजन.’ आणि दर वेळी तेच पालुपद – ‘उभी राहा, माझ्याकडे बघून बोल!’ राजेच जणू.

५ नोव्हेंबर

विषय ठरला. किती अंतरावरून घड्याळाची टिकटिक ऐकू येते, वयाप्रमाणे. लागणारं सामान – आमच्या घरचं टेबलावरचं घड्याळ, सुताराची टेप, डोळ्यांवर बांधायला ओढणी. आईला हात लावावा लागणार नाही, म्हणून आई नाराज.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी पराक्रम केला. सरांविरुद्ध पत्र लिहिलं, मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना. ‘सर आमच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष करतात, वाटेल ती उत्तरं देतात, आमचं नुकसान होतं.’ मजकूर माझा, अक्षर माझं. एकतीस सह्या. फूटपट्टीने केली नाही. म्हणे, “दुर्लक्ष करतात हे तू मोजलंस कधी?” हिला डोक्यावर मारायला खरी फूटपट्टी हवी.

पत्र शिपाईकाकांच्या हातात दिलं. वाघ मारल्यासारखं वाटतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

घरची मोजमापं. आई – तीन मीटर दहा. बाबा – दोन मीटर नव्वद, पण मध्येच झोप लागली. आजोबा – सत्तर सेंटिमीटर! ते चिडले. “घड्याळच मंद आहे तुमचं.” पण मी आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला तर बाहेरून हाक आली, “मला दोन!” फूटपट्टीने तेही लिहून ठेवलं. शेरा – ‘आवाजाच्या प्रकारावर अवलंबून.’

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत अख्ख्या वर्गाला रांगेत उभं केलं. पद्धत अशी – डोळे बांधायचे. टिकटिक ऐकू येतेय तोवर हात वर. मी घड्याळ घेऊन हळूहळू मागे जाते, हात खाली आला की फूटपट्टी टेप वाचते. मग तिने डोकं चालवलं. मध्येच मी गुपचूप घड्याळातला सेल काढायचा. तरी हात वर राहिला तर गडी ठोकून देतोय!

सहा जण सापडले. ज्वालामुखीच्या जोडीतला पुढारी बंद घड्याळाची टिकटिक पाच मीटरवरून ऐकत होता. आम्ही हसून हसून जमिनीवर. (त्यांचा ज्वालामुखी म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. दर वर्षी तोच डोंगर, फक्त रंग नवा.)

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे कसं लिहू?

चाळीस जण झाले होते. मोठ्या माणसांचे आकडे कमी पडत होते म्हणून मीच सरांना धरलं. खरं तर गंमत करायची होती – भोंग्याला बंद घड्याळ ऐकवायचं. सर आधी नको म्हणाले, वह्या तपासायच्या आहेत म्हणाले. मग बसले.

डोळे बांधताना त्यांनी ओढणी दोनदा बाजूला केली. “आधी सगळं नीट सांगा,” म्हणाले, माझ्या तोंडाकडे बघत. सांगितलं. बांधले.

एक मीटर. हात वर. दोन मीटर. वर. तीन, चार. मी भिंतीला टेकले, हात वरच! मी फूटपट्टीला खुणावलं आणि सेल काढला. वर. पुढे आले. वर. अगदी कानाशी बंद घड्याळ धरलं. वर. मग सेल घातला आणि कानाशी धरलं, उजव्या, डाव्या. हात तसाच. जराही हलला नाही.

मी हळू आवाजात म्हणाले, “सर.” मग मोठ्याने, “सर, झालं.” मग फूटपट्टी जवळजवळ ओरडली. सर हात वर करून, मान ताठ ठेवून बसले होते. वर्गात उत्तर येत नसताना आपण जसा हात वर करतो ना, बाई दुसऱ्या कुणाला तरी विचारतील या आशेने – तसा.

मी ओढणी सोडली. सरांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फूटपट्टीच्या. “किती आलं?” मी म्हणाले, “छान आलं, सर.”

१३ नोव्हेंबर

भांडण. फूटपट्टी म्हणते शून्य लिही, व्यक्ती क्रमांक एक्केचाळीस, नाव थोडंच लिहायचंय. मी म्हटलं, वयाच्या रकान्यात बावन्न आहे आणि बावन्न वर्षांचे आपल्याकडे एकच. ती म्हणाली, मग गाळून टाक. मी म्हटलं, एक्केचाळीस लोक मोजले असं प्रस्तावनेत छापलंय. मग मीच लिहिलं – दोन मीटर साठ. वयाला शोभेल असं.

फूटपट्टी बोलत नाहीये. आणि ते पत्र! दुर्लक्ष म्हणे. अगं बाई, तुझ्या जिभेला हाड नाही ते नाही, पेनालाही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सरांनी वह्या तपासायला प्रयोगशाळेत एकेका जोडीला बोलावलं. तक्त्यावरून बोट खाली आलं आणि एक्केचाळीसवर थांबलं.

“हा कोणाचा?”

“तुमचा, सर.”

“मला दोन मीटर साठवरून ऐकू आलं?”

फूटपट्टी खिडकीबाहेर बघायला लागली. सरांनी लाल पेनाने आकडा खोडला आणि शेजारी शून्य काढलं. मोठं, गोल, पूर्ण.

“आठ वर्षं झाली,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला, इतका की मला पुढे वाकावं लागलं. “डावा गेला, मग उजवा. तुमची तोंडं वाचतो. मागच्या बाकावरची दिसत नाहीत, तेव्हा अंदाज मारतो.”

“यंत्र मिळतं ना सर, कानात घालायचं?”

“आहे. घरी कपाटात. इथे लावून आलो तर सगळ्यांना कळेल ना.” मग एकदम नेहमीच्या आवाजात, “आणि पुन्हा आकडे शिजवलेस तर पाच मार्क कापीन!” बाजूच्या वर्गात कुणाचा तरी डबा पडला.

१७ नोव्हेंबर

मोठ्या बाईंकडे गेले. पत्र परत मागितलं. “का?” म्हणाल्या. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून म्हटलं, “शुद्धलेखनाच्या चुका आहेत.” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “एकतीस सह्या आहेत. चौकशी होणार. आता काय ते सरच सांगतील.” वाघ मारला होता ना मी? तो आता माझ्याच मागे लागलाय.

आईला सगळं सांगितलं. तिने कधी नव्हे ते माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं नाही, पोळ्या करू दिल्या. नकाशे झाले. तीच म्हणाली, “सरांना सांग. त्यांना दुसरीकडून कळण्याआधी.”

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. समोर उभी राहून, त्यांच्याकडे बघून, प्रत्येक शब्द नीट – पत्र मी लिहिलं. सर बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, वाचता आलं नाही की काय. मग म्हणाले, “दुर्लक्षमधला र्ल नीट जोडला होतास का? पोरं तिथेच मार खातात.” आणि वळून परीक्षानळ्या धुवायला लागले. आधीच धुतलेल्या होत्या त्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रदर्शन. ज्वालामुखी तीनदा फुटला, तिसऱ्यांदा परीक्षकांच्या पँटवर. पहिला नंबर अर्थात त्यालाच.

मोठ्या बाई आमच्या टेबलाशी आल्या. तक्ता वाचला. एक्केचाळीसवर नख टेकवलं. “वय बावन्न, अंतर शून्य. हे कोण?”

मी फूटपट्टीकडे पाहिलं – जन्मात खोटं न बोललेली मुलगी! ती म्हणाली, “आठवत नाही.” तिचे कान लालभडक झाले होते.

सर पलीकडच्या टेबलाशी उभे होते. त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण बाईंचं तोंड त्यांच्या दिशेला होतं.

“मी,” सर म्हणाले. भोंग्याच्या आवाजात. सगळं सभागृह वळलं. ज्वालामुखीसुद्धा फसफसायचा थांबला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरांना वर्गावरून काढलं. ऑफिसात बसवलंय, जुनी हजेरीपत्रकं लावायला. मोठ्या बाई म्हणाल्या, प्रयोगशाळेत गॅस आहे, ॲसिड आहे, मूल ओरडलं तर कळायला नको? त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. मी म्हटलं, “यंत्र लावलं तर?” “बघू,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तक्रार तुझीच होती ना गं?”

घरी आले आणि आईशी उगाच भांडले. भाजीत मीठ बरोबर होतं तरी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नवे सर आले. तरुण, कान एकदम तल्लख. मी मागच्या बाकावरून, मुद्दाम हळू विचारलं, “सर, कानात बोटं घातली तरी आपलं स्वतःचं बोलणं का ऐकू येतं?” लगेच ऐकू आलं त्यांना. म्हणाले, “अभ्यासक्रमात नाही. बस खाली.”

मधल्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीशी गेले. सरांच्या कानात यंत्र होतं, कातडीच्या रंगाचं. तरी मी गजांसमोर उभी राहिले, तोंड उजेडात धरलं, तोच प्रश्न विचारला. “हाडांतून!” म्हणत सरांनी एक जुनं हजेरीपत्रक उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर कवटी काढायला घेतली. कान काढून होईपर्यंत माझ्यामागे सव्वीस जण उभे होते. फूटपट्टीने मोजले.