रूममेटचं बाळ

१४ फेब्रुवारी
विहीणबाई ताइपेईहून आल्या आणि थेट स्वयंपाकघराचा ताबा! मी म्हटलं, "बाळंतिणीला तिळाच्या तेलातलं चिकन सासूनेच करून घालायचं असतं." तर म्हणतात, "सासू कोण? माझी लेक तुमच्याकडे नांदायला आलेली नाही!" दोन्हीकडून मुलीच, मग सासर कुणाचं आणि माहेर कुणाचं? शेवटी दोघींनी दोन भांडी चढवली. बाळंतीण पेई-जुन बिचारी दोन्हीकडचं खाऊन सुस्तावली आहे.

२ मार्च
आमची बाळी नुओमी महिन्याची झाली. रिवाजाप्रमाणे गल्लीत केकचे डबे वाटले. समोरच्या लिआओबाई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. "कुणाचं हो बाळ?" विचारलंच! म्हटलं, "श्यू-हुआनच्या रूममेटचं." "अगंबाई, हो का!" म्हणाल्या आणि दोन डबे ठेवून घेतले.
सहा वर्षं हेच सांगतेय. श्यू-हुआन माझी लेक, पेई-जुन तिची बायको. रीतसर लग्न, कचेरीत सह्या करून. पण कायदा बदलला म्हणून गल्ली बदलते का?

९ एप्रिल
नुओमीला ताप. पेई-जुन परगावी. श्यू-हुआन बाळाला घेऊन दवाखान्यात धावली. "आईची सही?" ही म्हणाली, "मीच आई." कागदावर नाव नाही! पेई-जुन फोनवर सापडेपर्यंत तासभर ताटकळली. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली माझी लेक. मला ऐकू आलं.
लग्न चालतं, पण बायकोचं बाळ आपोआप आपलं होत नाही. घरातलंच मूल कोर्टातून दत्तक घ्यायचं! कायदाही माझ्यासारखाच — अर्धा कबूल, अर्धा लाजतो. अर्ज केलाय.

२१ मे
कोर्टाने पाठवलेल्या बाई घर बघायला आल्या. मी देव्हारा पुसला, पडदे धुतले, नवा ब्लाउज घातला. "आजींचं काय मत?" पाठच केलं होतं — "दोघी आया उत्तम!" घाईत दोनदा म्हणाले.
त्या गेल्यावर खिडकीतून बघते तर काय — गल्लीच्या तोंडाशी लिआओबाईंनी त्यांना गाठलेलं! वीस मिनिटं! हातवारे करकरून!! मेले. सांगितलं असणार, "बाळ रूममेटचं हो." कोर्ट म्हणेल, घरची आजीच नातं लपवते, मूल कसलं देता यांना? माझ्या एका शब्दापायी सगळं बोंबललं.

२२ मे
दिवसभर पडद्याआडून लिआओबाईंचं दार बघत बसले.

२४ मे
श्यू-हुआनला सगळं सांगितलं. वाटलं, भडकेल. नुसती म्हणाली, "आई, सहा वर्षांत एकदा तरी तिला सून म्हणाली असतीस." भडकली असती तर बरं झालं असतं.
खरं सांगून टाकायचं म्हणून लिआओबाईंच्या दारापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "रूममेट बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे." आणि परत आले. गाढव!

७ जुलै
मंजूर! नुओमीच्या कागदावर आई म्हणून दोन नावं! श्यू-हुआनने अहवाल वाचून दाखवला. त्यात शेजारणीचं म्हणणं — "दोघी आया पोरीला फार जपतात. गल्लीत सगळ्यांना कधीचंच ठाऊक आहे. फक्त आजींसमोर रूममेट म्हणायचं, असं आम्ही ठरवलंय. त्यांना अवघडल्यासारखं होतं."