नकाशांच्या खोलीतले तुम्ही

अहो,

लग्न झाल्यापासून तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. जिथे तुम्ही तिथे मी, मग लिहायचं कशाला? आज लिहितेय, कारण सोमवारपासून मी तुमच्याच ऑफिसात कामाला जाणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

हसलात ना? हसा! ज्या ऑफिसला मी जन्मभर सवत म्हटलं, तिच्याच दारात आता मी नोकरीला उभी.

आपण सिल्वासाला आलो तेव्हा ते ऑफिस केवढंसं होतं, आठवतं? पोर्तुगिजांच्या वेळचं कौलारू घर, अंगणात एक जीप, आणि आतल्या खोलीत खिडकीशी तुमचा नकाशे काढायचा बोर्ड. रत्नागिरीहून निघताना म्हणाला होतात, "डेप्युटेशन आहे, दोन-तीन वर्षांत परत." त्या भरवशावर मी अर्धी भांडी पोत्यातून काढलीसुद्धा नव्हती. पुढे तुम्ही इथेच कायम झालात. मला विचारलं होतंत का? कायम झाल्याचे पेढे तेवढे आणलेत.

मग कारखाने आले. रांध्याच्या बाजूला ट्रकांची रीघ लागली, कालचा रस्ता आज पुरेना. खानदेशातली पोरं कामाला आली, त्यांच्यामागे बायकामुलं आली. पाणी हवं, शाळेला खोल्या हव्यात, अथालकडे मोऱ्या हव्यात, आणि सगळ्याचे नकाशे तुमच्याच बोर्डावर! साहेबांच्या दारावरची पाटी बदलत गेली, शेवटी मुख्य अभियंता आले, नवी इमारत झाली, जिपा वाढल्या. तुम्ही मात्र नव्या इमारतीतही खिडकीशीच.

घरी यायचात ते डोळे लाल करून. शर्टाला प्रिंट काढायच्या अमोनियाचा वास, कितीही धुतला तरी न जाणारा. ताटावर "हं" आणि "नको", एवढंच तुमचं बोलणं. मनी शाळेतलं काही सांगायला आली की म्हणायचात, "उद्या सांग हं, बाळ." हळूहळू तिने सांगायचं सोडलं, आणि मीही. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

आणि छातीत दुखतंय, हे तरी सांगायचंत! मार्चअखेरची कामं होती, म्हणून बोलला नाहीत. मार्च काय, दरवर्षी येतो हो.

तुमचे दिवस झाले आणि धाकटे भावोजी म्हणाले, "वहिनी, या परक्या मुलखात आता काय आहे तुमचं? घरी चार माणसं आहेत. चला." इतकी वर्षं मी याच बोलण्याची वाट बघत होते. लगेच सामान बांधायला घेतलं. अनुकंपेवर मला आवक-जावक क्लार्कची जागा देऊ केली होती, ती नको म्हणून सांगायला मनीला घेऊन ऑफिसात गेले.

साहेब मीटिंगमध्ये होते. रावजीभाई शिपायाने आम्हाला तुमच्या खोलीत बसवलं, चहा आणला आणि म्हणाला, "भाभी, आता खोली एकदम सूमसाम झाली. तुमचा साहेब जाम गाणी बोलायचा. हात चालू, गाणा चालू."

"गाणी? कोण?" मी विचारलं.

तो धुळ्याचा टायपिस्ट महाजन आहे ना, तो दारातून म्हणाला, "काकू, गाणी तर काहीच नाही. मोठ्या साहेबांची चाल काय करून दाखवायचे! आम्ही हसून हसून बेजार."

मनी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत.

खरं सांगते, मला राग आला. तुम्ही गेलात तेव्हाही इतका आला नव्हता. हसणारा माणूस ऑफिसला आणि दमलेला माणूस आम्हाला? ही कसली वाटणी? मी तिथेच रडायला लागले. रावजीभाईला वाटलं, तुमच्या आठवणीने रडतेय. तेही खोटं नव्हतं.

मग साहेबांनी आत बोलावलं. हळूच विचारलं, "तो भाभी, ना लिख दूँ?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "नको. मी येते कामाला."

भावोजी रागावून एकटेच परत गेले. त्यांच्या घरी दोन ताटं जास्तीची होऊन राहायचं नव्हतं, हे एक. मनीची शाळा, हे दुसरं. पण त्याहून खरं सांगू? मला तुमच्याबद्दल ऐकायचंय. आमच्या वाट्याला जे आलं नाही, ते या लोकांकडून चहाच्या वेळी थोडं थोडं मागून घेईन. स्वतःच्या नवऱ्याबद्दल परक्यांना विचारायची लाज वाटते, पण घेईन.

आज पोळ्या लाटत होते तर मनी म्हणाली, "आई, तू पण आता बाबांसारखी होणार?"

दमणार तर मी आहेच. आत्ताच दमलेय हो. सकाळी उठतानाच दमलेली असते. "नाही होणार" असं कुठल्या तोंडाने सांगू? कामावरून आल्यावर माणसाचं काय उरतं, ते आता मला कळणार आहे. तुमच्यावर रागवायला मग मला जागाच राहणार नाही.

लाटणं खाली ठेवलं आणि पीठभरल्या हातांनी, स्वयंपाकघरातच, मोठ्या साहेबांसारखी चालून दाखवली. मला या असल्या गोष्टी कधी आल्या नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. अगदीच वाईट जमलं. पण मनी हसली हो! ओट्याला धरून हसली.

रोज करीन. कितीही दमून आले तरी.

तुमचीच,
सुमन