तीन पानं ओके, बाकी स्क्रॅप

प्रताप नगर, नागपूर
३ फेब्रुवारी

श्री. भैय्याजी यांस,

रुपरावचा नमस्कार.

'प्रिय' लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सहा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याला 'प्रिय' लिहिलं तर खोटं वाटतं आणि 'श्रीयुत' लिहिलं तर सोसायटीची नोटीस वाटते, म्हणून नुसतं 'श्री.' ठेवलं. तुझे गुडघे कसे आहेत? (डावा जास्त दुखायचा की उजवा हे आता आठवत नाही, दोन्हींची चौकशी समजावी.) वहिनींना नमस्कार. बुटीबोरीचं पाणी तुला मानवलं असेल. मुलाची मिल चालू असेल. इकडे आम्ही खुशाल आहोत. आमची सौ. सुभद्रा बरी आहे, बेसनाच्या पाटोड्या अजून करते, फक्त आता उरतात. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सगळं स्वच्छ दिसायला लागलं आहे आणि ही काही निव्वळ सुखाची गोष्ट नाही.

आपलं का बिनसलं ते तुला आठवत असेल, पण माझ्या बाजूने एकदा लिहून ठेवतो. तुझ्या निरोप समारंभात मी तुझं मानपत्र वाचलं. चौदा पानी होतं, मान्य. जेवण थंड झालं, तेही मान्य. (पुऱ्या मुळातच थंड होत्या, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.) वाचून मी खाली उतरलो, घाम पुसला, आणि तू सगळ्या डिपार्टमेंटसमोर, हातात ताट धरून म्हणालास, "रुपराव, तीन पानं ओके हायेत गा. बाकी स्क्रॅप." तू तीस वर्षं क्वालिटीत होतास, गिअरवर हिरवा, पिवळा नाहीतर लाल खडू ओढून ओके, रिवर्क आणि स्क्रॅप ठरवणं हे तुझं पोट होतं, हे मला कळतं. पण मी गिअर नव्हतो. मी तुझा मित्र होतो आणि ते पंधरा दिवस जागून लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोललो नाही आणि तूही कधी फोन केला नाहीस.

आता मुद्दा. येत्या अठरा तारखेला आपल्या ओमप्रकाशला जाऊन वर्ष होतं. मागच्या महिन्यात त्याच्या सौ. शोभाताई घरी आल्या. त्या दिवशी नातेवाईक आणि कंपनीची जुनी मंडळी जमणार, तेव्हा त्याच्यावर दोन पानं लिहून वाचायची, असं त्यांनी मला सांगितलं. मी जरा आढेवेढे घेतले (घ्यावे लागतात), तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच लिहा. त्यायले तुमचं लिहिनं आवडे." मी हो म्हणालो, पेन काढलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत 'ओमप्रकाश हा एक मनमिळाऊ स्वभावाचा माणूस होता' हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलं आहे. त्याच्या पुढे काही येतच नाही. चौदा पानं लिहिणाऱ्या माणसाला दोन पानं लिहिता येऊ नयेत, याची मला स्वतःचीच चीड आली.

आमची सून वैभवी घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. तिने दोन दिवस माझे हाल पाहिले आणि म्हणाली, "बाबा, काहून एवढं डोकं खाजवून राहिले? लेखकांसाठी सगळं ऑनलाइन भेटते." आणि तिने मला एक पान उघडून दिलं, 'लेखकांसाठी पन्नास अत्यंत उपयुक्त संकेतस्थळे'. भैय्याजी, मी शिस्तीचा माणूस आहे. वही घेऊन एक ते पन्नास क्रमाने बसलो. एकोणीस उघडलीच नाहीत. बारांनी आधी माझा ईमेल मागितला आणि मग रोज सकाळी 'रुपराव, आज लिहिलंत का?' असं विचारायला सुरुवात केली. (आमच्या शिफ्ट इन्चार्जने कधी एवढं विचारलं नाही.) सहांवर वजन कमी करण्याचे उपाय होते. आणि उरलेली बहुतेक दुसऱ्याच कुठल्यातरी 'पन्नास उपयुक्त' यादीकडे पाठवत होती, म्हणजे तहसीलमध्ये या खिडकीवरून त्या खिडकीवर धाडतात तसंच, फक्त इथे घरबसल्या. ही यादी करणाऱ्याने त्यातलं एक तरी स्वतः उघडून पाहिलं असतं, तर माझा एक आठवडा वाचला असता.

त्यातल्या एका संकेतस्थळावर लिहिता लिहिता हात थांबला की लिहिलेलं सगळं आपोआप पुसलं जातं. याला ते शिस्त म्हणतात. मी बसलो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी चार ओळी बऱ्या उतरल्या होत्या. तेवढ्यात गॅसवाला आला. सिलिंडर आत घेतलं, वजन करून पाहिलं, सही केली, परत येतो तर पडदा धुतल्यासारखा पांढरा. कंपनीत मशीन बंद पडायची तेव्हा निदान आधी निघालेला माल तरी ट्रेमध्ये शिल्लक असायचा. ज्याने हे बनवलं त्याच्या घरी गॅसवाला कधी येत नाही वाटतं. दुसऱ्या एका ठिकाणी लेखनाला पोषक म्हणून पावसाचा आवाज लावून देतात. मी लावला. सुभद्रा धावत गच्चीवर गेली आणि वाळवण काढून घरात आली. त्यानंतर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि घरातही माझी तीच गत व्हायला लागली असं मला वाटू लागलं.

मग एक मोफत वेबिनार झाला. गुंजन मॅडम नावाची एक मुलगी होती, तिने दोन तासांपैकी दीड तास ती स्वतः लेखिका कशी झाली हे सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्या तासात तिचा पुढचा कोर्स का घ्यावा हे सांगितलं. श्रोत्यांपैकी कोणीतरी माईक चालू ठेवून भाजीला फोडणी देत होतं, त्या दोन तासांत खरं म्हणावं असं तेवढंच ऐकू आलं. शेवटी तिने शंभर प्रश्नांची एक यादी दिली, आपल्या पात्राची ओळख करून घ्यायला. तुमचं पात्र फुलपाखरू असतं तर कोणत्या रंगाचं असतं? ओमप्रकाश, भैय्याजी. ब्याण्णव किलो, भट्टी विभाग. मी तरी प्रामाणिकपणे 'तपकिरी' लिहिलं. पण एक सांगतो, खोटं बोलत नाही, त्र्याहत्तरावा प्रश्न होता, पात्र घरातून निघताना सोबत काय घेतं? आणि तिथे माझा हात पहिल्यांदा आपोआप चालला. तो कंपनीच्या बसला पहिल्या स्टॉपवर चढायचा आणि आपल्या दोघांसाठी मागच्या सीटवर दोन जागा धरायचा, एकीवर डबा ठेवून आणि दुसरीवर टोपी (असं मी लिहिलं). तू रिटायर झाल्यावरही तो डबा तुझ्या जागेवर ठेवायचा, कोणाला बसू द्यायचा नाही, नवीन पोरं चिडायची. शंभरातला हा एकच प्रश्न कामाचा निघाला. बाकी नव्याण्णव मॅडमने स्वतःच्या फुलपाखरांना विचारावेत.

वैभवी मग एआयला विचारू म्हणाली. ओमप्रकाशचं नाव, वय, नोकरी घातली. अकरा सेकंदांत दोन पानं आली. त्यात ओमप्रकाश समुद्रकिनारी नारळीच्या सावलीत वाढला होता, निवृत्तीनंतर बासरी वाजवत होता आणि 'अनेकांच्या जीवनातील दीपस्तंभ' होता. मी ते सुभद्राला वाचून दाखवलं. तिने भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं हाय. पन हा मेला तो मानूस कोन होय?" त्यावर मशीनला दुरुस्त करायला सांगितलं, तर त्याने माझी मनापासून माफी मागितली आणि बासरीच्या जागी सतार घातली. माफी मागणं मात्र त्याला छान जमतं, हे एक शिकण्यासारखं आहे. (हे मी कोणाला उद्देशून लिहिलेलं नाही.)

शेवटी मी माझाच कच्चा खर्डा लेखकांच्या एका ऑनलाइन गटात टाकला. तिथे मी दोन वर्षांपासून आहे, एकवीस लेख टाकले आहेत, आणि तिथल्या लोकांबद्दल काय सांगू. खर्डा वाचायला निदान सात मिनिटं लागतात. टाकल्यापासून पहिल्या मिनिटात चौघांचे डोळे पाणावले. एकाने 'अप्रतिम' लिहिलं, दुसऱ्याने 'अप्रतिम सर', तिसऱ्याने 'अप्रतिम, वाढदिवसाच्या शुभेच्छा'. एका बाईंनी खाली स्वतःची कविता चिकटवली. मेलेल्या माणसाच्या लेखाखाली सेहेचाळीस टाळ्या वाजल्या. हे लोक एकमेकांना वाचत नाहीत, नुसते हजेरी लावतात, आणि मीही गेली दोन वर्षं त्यांना 'अप्रतिम' लिहीतच आलो आहे, म्हणजे बोलायला तोंड नाही.

आणि त्या सेहेचाळिसांखाली एक सत्तेचाळिसावा निघाला. नाव 'साधा वाचक', फोटोच्या जागी नुसतं राखाडी डोकं. त्याने लिहिलं, 'परिच्छेद १ स्क्रॅप. २ स्क्रॅप. ३ रिवर्क. डब्याची ओळ ओके. दुसऱ्या जागेवर टोपी नव्हती, दुपट्टा होता. दुरुस्त कर.' ना नमस्कार ना चमत्कार. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. हा कोण लागून गेला मला शिकवणारा? हा काय आमच्या बसमध्ये बसला होता? मी गटाच्या चालकाकडे रीतसर तक्रार केली, त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग मी माझे जुने लेख उघडले, तर हा इसम प्रत्येकाखाली येऊन गेलेला. दोन वर्षं मी सेहेचाळीस टाळ्या मोजत बसलो आणि खाली कधी गेलोच नाही. एकवीस लेख त्याने शेवटपर्यंत वाचलेले, स्वल्पविरामासकट, आणि एकवीस लेखांत मिळून नऊ ओळी ओके. त्या नऊ ओळी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत (केवळ पुरावा म्हणून). तर असा हा उद्धट माणूस कोण असेल? तू चार ठिकाणी फिरतोस, तुला काही कल्पना असेल तर कळवावं.

एकूण काय, लेखकाला ऑनलाइन मदत मिळते हे शुद्ध थोतांड आहे. जो लिहू शकतो त्याला ती लागत नाही आणि ज्याला लागते त्याला ती फुलपाखरू पाठवते. असो. घरी सर्वांना नमस्कार. प्रकृतीस जपावं.

तुझा (सवयीने लिहिलं गेलं, पेनाने लिहितो आहे म्हणून खोडत नाही)
रुपराव

ता.क. दुसऱ्या जागेवर दुपट्टा असायचा हे जगात तीन माणसांना माहीत होतं. एक गेला. दुसरा मी, आणि मी तर टोपी लिहिली. त्यामुळे राखाडी डोक्यामागे कोण आहे हे शोधायला मला पन्नास संकेतस्थळं लागली नाहीत. तू मोबाइलला हात लावत नाहीस असं ओमप्रकाश गेला त्या दिवशी घाटावर कोणीतरी सांगत होतं. तिथे आपण दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे होतो, आणि तेव्हाही बोललो नाही. दर दसऱ्याला तो आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे सोनं घेऊन यायचा आणि मला म्हणायचा, "तुमी दोघं काय कोनी मेल्यावरच बोलान का गा?" ते आठवलं की मला फार लाज वाटते. तुलाही वाटत असेल तर बरं.

ता.क. दुसरा. येत्या रविवारी सकाळी दहाला ये. बुटीबोरी काही विलायत नाही. सुभद्राने पाटोड्यांचं बेसन आणून ठेवलं आहे, तिने हे पत्र वाचलं आणि म्हणाली की एवढं लांबवायची गरज नव्हती, नुसतं 'ये' लिहिलं असतं तरी भैय्याजी आले असते. तेव्हा वरचं सगळं स्क्रॅप धरावं.

ता.क. शेवटचा. तुझं मानपत्र मी फेकलेलं नाही. चौदाच्या चौदा पानं काल पुन्हा वाचली आणि कोणती तीन ओके असतील ते शोधत बसलो. सहा, सात आणि आठ असावीत. त्या तीन पानांवर तू नाहीसच, मी भरकटून नुसतं ओमप्रकाशबद्दल लिहीत सुटलो आहे, तो समोर पहिल्या रांगेत बसून हसत होता. शोभाताईंना दोन पानं हवी आहेत. तिनाची दोन मला करता येत नाहीत. लाल खडू घेऊन ये.