चौदा नंबरचा खांब

१४ मार्च १९९४, सोमवार

रंगकाम सुरू. तोच हिरवा डबा, तीच शिडी— लॉफ्टस पार्क या बेसबॉल स्टेडियममधलं माझं एकतिसावं वर्ष! चौदा नंबरच्या खांबावर गेल्या वर्षीचा रंग फाटलाय. केसाएवढी भेग, तिरकी. रंग उगाच फाटत नाही. आतलं लोखंड हललं तरच. दोन्ही टोकांना पेन्सिलनं खुणा केल्या.

मुकादम ड्वेनला दाखवली. "काझिक, दोन हात जास्त मार की! एवढं काय त्यात?"

मारले, खुणा तेवढ्या सोडून.

२२ मार्च

नव्या रंगातूनही फुटली. खुणेच्या बोटभर पुढे! अजून एक मॅच नाही, वरच्या मजल्यावर माणूस नाही.

२९ मार्च

ब्रोन्या जिंकली! माझी धाकटी बहीण— चार वर्षं दारोदार सह्या गोळा केल्या, मालकाला कोर्टात खेचलं. पार्क पाडायचं नाही. रेडिओवर बोलताना रडली. "पोलादाचा कारखाना गेला, चर्च विकलं. आजोबांनी ओतलेलं पोलाद एवढंच उभं आहे." मीही रडलो. विटांच्या त्या कमानीखालून आत शिरलं की अजून छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

आणि मालक टपलाय. एक भेग कळू दे— उद्या बुलडोझर!

गप्प बसलो.

५ एप्रिल

रविवारी पहिली मॅच. ब्रोन्याची नऊशे माणसं तिसऱ्या बेसकडच्या वरच्या मजल्यावर. चौदा नंबरच्या थेट डोक्यावर! सातव्या डावात तिथे सगळे उभे राहून पाय आपटतात. आजोबांच्या वेळेपासूनची रीत.

लहानपणी आम्हालाही आपटायचे असायचे. पण बाबा— माझ्याआधी हा ब्रश त्यांच्याच हातात— तिथे बसू देत नसत. "डोळ्यांवर ऊन येतं." संपलं! समोरच्या उघड्या बाकांवर नेऊन बसवायचे. ब्रोन्या पाय आपटत रडायची.

९ एप्रिल, शनिवार

चौदा नंबरचा रंग अजून ओला. तिथे वाळतच नाही, दिवसभर सावली—

थांब. तिथे ऊन कधी येतच नाही!

तसाच गेलो. खरवडलं. हिरवा, हिरवा, हिरवा, मग बाबांच्या वेळचा करडा. खाली लोखंडावर खिळ्यानं कोरलेलं, बाबांचं अक्षर: "१९६१. चार इंच."

आता भेगेवर कोपरापासून बोटांपर्यंत माझा हात ठेवला तरी पुरत नाही.

ब्रोन्याला फोन केला. "उद्या तुझी माणसं दुसरीकडे बसव." तडकलीच. "शुभ बोल रे! चेंडू टाकणाऱ्या पिचरनं एकही हिट दिली नसली, की मॅच संपेपर्यंत त्याच्याजवळ कुणी 'नो-हिटर' हे नाव काढतं का? नाव काढलं की मोडतं, काझिक. उद्याचा दिवस जाऊ दे." ठेवला फोन. दुसरीकडे का बसवायची, ते विचारलंच नाही.

भीती वाटते. बाबांचा राग येतो. माझा जास्त.

१० एप्रिल, रविवार

सकाळी दाराखाली पाकीट. आत एक तिकीट, समोरच्या उघड्या बाकांचं. मागे ब्रोन्याचं अक्षर: "तू वर येऊ नकोस. डोळ्यांवर ऊन येतं."

ती स्वतः वर बसणार आहे.

अग्निशमन दलाला फोन लावला. भेग म्हणालो. मोठ्यानं, तीनदा. नाव काढलं, ब्रोन्या. आता मोडू दे.